खाऱ्या हवेत कोणतं ऑइल?

मे संपत आला की वसईतल्या पाचूबंदरच्या किनाऱ्यावर होड्या एकेक करून वर ओढल्या जातात. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. जाळी उकलून वाळत पडलेली असतात आणि ज्याला त्याला मशीनच्या कामाची आठवण होते. इथे इंजिनाला कुणी इंजिन म्हणत नाही, मशीनच म्हणतात. अशाच एका दुपारी एका ओळखीच्या तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, होडीत उतरून डिपस्टिक काढली आणि माझ्यापुढे धरली. पट्टीवरचं ऑइल काळं असणार अशी माझी समजूत होती. ते दूध जास्त झालेल्या कॉफीच्या रंगाचं होतं. तो म्हणाला, "पाणी गेलंय. बघू आता नारळी पौर्णिमेच्या आधी. तेव्हा ऑइल बदलायचंच आहे." पट्टी पुसून त्याने परत आत घातली.

त्याचं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. वसई-विरार पट्ट्यात, अर्नाळ्यापासून नायगावपर्यंत, कोणतं ऑइल टाकावं हा प्रश्न होडीवाला विचारतो, रिक्षावाला विचारतो, स्टेशनला स्कूटर लावून लोकल पकडणाराही विचारतो. उत्तरं मिळतात ती ठरलेली. जाड टाका, टिकेल. सिंथेटिक टाका, महाग आहे पण चांगलं. अमुक कंपनीचंच टाका. यातली कंपनीची गोष्ट मी सगळ्यात शेवटी ठेवतो. सर्वो, मॅक, कॅस्ट्रॉल, गल्फ यांतलं कुठलंही अस्सल ऑइल, डब्यावरची अक्षरं जुळत असतील तर, आपलं काम करतं. आपल्या भागात पहिला प्रश्न वेगळाच विचारायला हवा: या मशीनमध्ये पाणी कुठून आणि किती शिरतं? खाडी, समुद्र, चार महिन्यांचा पाऊस आणि वर्षभराची दमट हवा असलेल्या गावात ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, डिझेल या सगळ्यांची निवड या एका प्रश्नाभोवती फिरते.

आधी डब्यावरचे आकडे. १५ डब्ल्यू ४० यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. हे आकडे अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेले. तिची पहिली वर्गवारी १९११ सालची. डब्ल्यूच्या आधीचा आकडा सांगतो की थंडीत ऑइल किती सहज हलतं. १५ डब्ल्यूची ही परीक्षा उणे २० अंशांवर होते, ० डब्ल्यूची उणे ३५ वर. मागचा ४० हा आकडा १०० अंश तापमानाला ऑइल किती दाट राहतं ते सांगतो. गुलमर्गमध्ये किंवा कॅनडात बर्फावर चालणारी स्नोमोबिल ज्याच्याकडे आहे, त्याची सगळी चिंता पहिल्या आकड्यात असते. रात्री उणे तीसला गोठलेल्या ऑइलने सकाळी इंजिन फिरलंच नाही, तर पुढचं सगळं व्यर्थ. वसईत थंडीच्या पहाटेही पारा क्वचितच १२ अंशांच्या खाली जातो. म्हणून होडीच्या साध्या डिझेल मशीनला १५ डब्ल्यू ४० पुरतं, आणि ० डब्ल्यूचे जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. "जाड टाका" हा सल्लाही तपासून घ्यावा. घासलेल्या जुन्या मशीनला २० डब्ल्यू ५० दिलं तर आवाज थोडा दबतो, ऑइलचं प्रेशरही बरं दिसतं. पण झीज होती तिथेच असते. अलीकडच्या स्कूटर-मोटारसायकलींच्या इंजिनात भागांमधली फट इतकी बारीक असते की कंपनीने १० डब्ल्यू ३० सांगितलं असताना २० डब्ल्यू ५० ओतणं म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला सुरुवातीचे काही क्षण उपाशी ठेवणं.

आकड्यांपेक्षा अक्षरांना जास्त महत्त्व आहे, आणि तीच कुणी वाचत नाही. डिझेलच्या ऑइलवर एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचं, सी ने सुरू होणारं अक्षर असतं: सीएफ-४ हे १९९० च्या सुमाराचं, सीएच-४ हे १९९८ चं, सीआय-४ हे २००२ चं, सीके-४ हे २०१६ चं. अक्षर जितकं पुढचं तितकं ऑइल नवं. काजळी पेलण्याची, आम्ल मारण्याची, उष्णता सोसण्याची ताकद त्यावरून कळते. यातलं आम्ल आपल्या कामाचं आहे. डिझेलमधलं गंधक जळतं, त्याचा वायू होतो, त्याला पाणी भेटलं की गंधकाम्ल तयार होतं आणि ते बेअरिंग खातं. म्हणून ऑइलमध्ये अल्कली मिसळलेली असते. ती किती आहे ते टीबीएन या आकड्याने सांगतात. नव्वदीच्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्या डिझेलमध्ये वजनाच्या १ टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये ते दहा लाख भागांत १० भाग इतकं उतरलं. त्यामुळे वडिलांच्या काळात ऑइल जितक्या लवकर मरायचं तितकं आता मरत नाही, हे खरं आहे. पण त्यावरून ऑइल दोन हंगाम चालवावं असा अर्थ काढणारे मी पाहिले आहेत, आणि तिथे घोटाळा होतो. गंधक कमी झालं, पाणी कमी झालेलं नाही.

पाणी फक्त समुद्रातून येतं असं आपण धरून चालतो. एक लिटर डिझेल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा विश्वास बसायला वेळ लागला, पण डिझेलमधला हायड्रोजन हवेतल्या प्राणवायूशी जुळला की दुसरं काय होणार? यातलं जवळपास सगळं वाफ होऊन धुरांड्यातून निघून जातं. थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरते. मशीन चांगलं तापून तासन् तास चाललं तर ही वाफ पुन्हा उडून जाते. मशीन दहा मिनिटं चालून बंद झालं तर ती तिथेच राहते. अर्नाळ्याच्या किनाऱ्यापासून अर्नाळा किल्ल्याच्या बेटापर्यंत माणसं, भाजी आणि सिलिंडर नेणाऱ्या होड्यांचा पल्ला असाच काही मिनिटांचा. भर समुद्रात बारा-चौदा तास चालणाऱ्या मोठ्या होडीपेक्षा या छोट्या फेऱ्यांच्या मशीनचं ऑइल लवकर खराब होतं, आणि तासांच्या हिशेबात ते दिसत नाही.

आता त्या तांडेलाच्या वाक्याकडे येतो. आपल्या किनाऱ्यावरची रीत अशी की ऑइल बदलायचं ते बंदी उठण्याच्या आधी, जुलैच्या शेवटी, नवं ऑइल घालून नव्या हंगामाला निघायचं. मन प्रसन्न होतं, हे मी समजू शकतो. पण मशीनच्या दृष्टीने ही वेळ सर्वांत वाईट आहे. हंगामाच्या शेवटी ऑइलमध्ये पाणी, आम्ल, काजळी सगळं जमलेलं असतं. ते तसंच ठेवून मशीन दोन महिने पावसाळी हवेत उभं राहतं. आम्ल आपलं काम सावकाश करत राहतं, ऑइल खाली निथळतं, बेअरिंगवर आणि सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरतो. ऑगस्टमध्ये नवं ऑइल घातलं तरी तो गंज जात नाही. तो सुटून त्या नव्या ऑइलमध्ये फिरतो. जगभर जिथे होड्या हिवाळ्यात बांधून ठेवतात तिथे नियम एकच आहे: बांधण्याआधी मशीन गरम करा, गरम असतानाच जुनं ऑइल आणि फिल्टर काढा, नवं घाला, पाच-दहा मिनिटं चालवा म्हणजे नवं ऑइल सगळीकडे पोचेल, मग बंद करा. आपला हिवाळा म्हणजे मासेमारीबंदी. ऑइल बदलण्याचा दिवस मेच्या अखेरचा धरावा. खर्च तेवढाच आहे, फक्त तारीख दोन महिने अलीकडे येते. हंगामात बदल किती तासांनी, हे कंपनीचं पुस्तक सांगतं. बऱ्याच डिझेल मशीनना २५० तास हा आकडा असतो. रोज चार तास, महिन्याला पंचवीस दिवस असा हिशेब धरला तर अडीच महिन्यांत तो भरतो.

ऑइलमध्ये पाणी आहे का, हे घरच्या घरी कळतं. पत्र्याचा तुकडा किंवा जुना तवा स्टोव्हवर चांगला तापवावा आणि डिपस्टिकवरचा एक थेंब त्यावर सोडावा. कोरडं ऑइल नुसतं पसरतं आणि धूर सोडतं. पाणी असेल तर फोडणीतल्या मोहरीसारखी तडतड होते. हजारात एक भाग पाणी असलं तरी हा आवाज येतो. चेहरा लांब ठेवावा, डोळ्यांवर चष्मा असावा आणि हा तवा पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. मला ही परीक्षा फार आवडते, कारण तिला प्रयोगशाळा लागत नाही आणि मिस्त्रीच्या शब्दावर विसंबून राहावं लागत नाही.

गिअरबॉक्सच्या बाबतीत मात्र सर्वांत जास्त चुका होतात. होडीच्या गिअरबॉक्सला काही कंपन्या साधं ३० किंवा ४० नंबरचं इंजिन ऑइल सांगतात, काही एटीएफ हे लाल, पातळ ऑइल सांगतात. आपल्याकडे "गिअर म्हणजे गिअर ऑइल" म्हणून ट्रकच्या मागच्या आसाचं ९० नंबरचं जीएल-५ ओतलं जातं. त्या ऑइलमध्ये गंधक-फॉस्फरसची जी रसायनं असतात ती ट्रकच्या दातांना वाचवतात, पण गिअरबॉक्समध्ये पितळेचे किंवा कांस्याचे भाग असतील तर त्यांना खातात. क्लचप्लेटही घसरू लागते. गिअरबॉक्सवर छोटी पट्टी ठोकलेली असते; रंगाखाली गेली असली तरी खरवडून ती वाचावी. शाफ्टच्या ग्रीसबद्दल एवढंच, की साध्या ग्रीसपेक्षा पाण्यात न धुपणारं कॅल्शियम सल्फोनेट जातीचं ग्रीस थोडं महाग पडतं आणि फार काळ टिकतं.

कूलंटला आपल्याकडे कमी लेखतात. "इथे कुठे बर्फ पडतो? नळाचं पाणी घाला." बर्फ पडत नाही हे खरं, आणि अर्धं ग्लायकॉल असलेलं कूलंट उणे ३७ पर्यंत गोठत नाही याचा वसईला काही उपयोग नाही. पण त्यातली गंजरोधक रसायनं हाच आपल्यासाठी त्याचा मुख्य गुण आहे. किनाऱ्यालगतच्या विहिरी आणि बोअरवेलचं पाणी मचूळ, जड असतं. ते मशीनच्या बंद फेऱ्यात घातलं की आतून क्षार साचतात, पितळ आणि ॲल्युमिनियम झिजतं. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन बॅटरीवाल्याकडे मिळतो, तेच वापरावं. जुना हिरवा आणि नवा नारंगी असे दोन जातींचे कूलंट एकत्र ओतू नयेत, कधी कधी त्यांचा चिकट गोळा होऊन नळ्या तुंबतात. नुसत्या रंगावरही विसंबू नये, कारण रंग प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने देते. समुद्राचं पाणी ज्या कूलरमधून फिरतं तिथे जस्ताचा एक तुकडा बसवलेला असतो. लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ असलेलं पाणी आधी जस्त खातं, म्हणून तांबं वाचतं. जस्त संपलं की पाळी नळीची. नळीला भोक पडलं की पाणी ऑइलमध्ये. कॉफीच्या रंगाचं ऑइल बहुतेक वेळा या विसरलेल्या जस्ताची गोष्ट सांगत असतं.

डिझेलची टाकी बंदीच्या काळात अर्धी ठेवू नये, कारण रिकाम्या भागातली दमट हवा रात्री थंड होऊन आत पाणी सोडते. पाणी तळाला बसतं, डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर बुरशी-जिवाणू वाढतात आणि पहिल्याच दिवशी फिल्टर बुळबुळीत काळ्या चिखलाने भरतो. टाकी भरून ठेवायला पैसे अडकतात, ही अडचण खोटी नाही. ते जमत नसेल तर टाकी पूर्ण रिकामी करून पुसून ठेवावी. पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरची खालची चावी हंगामात रोज सकाळी क्षणभर उघडावी.

लहान होड्यांच्या मागे लावलेल्या टू-स्ट्रोक मशीनचं शास्त्र वेगळं. तिथे ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं, त्यामुळे जळल्यावर मागे काय उरतं याला महत्त्व. समुद्राच्या पाण्याने थंड होणारं मशीन तुलनेने गार चालतं, म्हणून त्याला राख न सोडणारं टीसी-डब्ल्यू ३ असा शिक्का असलेलं ऑइल लागतं. हवेवर थंड होणाऱ्या दुचाकीचं इंजिन फार तापतं, त्याला जासो या जपानी मानकाचं एफसी किंवा एफडी लागतं. दुचाकीचं ऑइल होडीला घातलं तर राखेने प्लग आणि रिंगा धरतात. होडीचं दुचाकीला घातलं तर ते उष्णता सोसत नाही. स्नोमोबिलवाल्याला पुन्हा तिसरंच हवं, थंडीत पंपातून वाहणारं. ज्यांनी चेतक किंवा आरएक्स १०० चालवली आहे त्यांना पंपावरचं ते माप आठवत असेल, लिटरला २० मिलि, आणि हँडपंपातून येणारं सुटं टू-टी ऑइल. त्या सुट्या ऑइलमध्ये काय असे देव जाणे. दिल्लीत धुराने जीव गुदमरायला लागला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ च्या आदेशात सुटं टू-टी ऑइल विकणं बंद करण्याची मुदत घालून दिली. आता अडचण इथेनॉलची आहे. २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळा थर धरतात, आणि टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीची नळी तळातून ओढते. म्हणजे मशीनला काही क्षण ऑइलशिवायचं मिश्रण मिळतं. पावसाळ्यात ऑइल मिसळलेलं पेट्रोल टाकीत ठेवून देऊ नये, एवढं केलं तरी मशीन वाचतं.

स्कूटरचं दुखणं अर्नाळ्याच्या छोट्या होडीसारखंच आहे. वसई रोड, नालासोपारा, विरार, कुठल्याही स्टेशनबाहेरच्या पार्किंगमध्ये पाहा. घरापासून स्टेशन दोन-तीन किलोमीटर. सकाळी दहा मिनिटं, मग बारा तास उभी, रात्री दहा मिनिटं. इंजिन पुरतं तापतच नाही. जुलैत ऑइलचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला पिवळट साय दिसते, ती याच पाण्याची. अशी स्कूटर वर्षभरात दीड हजार किलोमीटरही भरत नाही, आणि मालक "अजून बदलायची वेळ आली नाही" म्हणून निश्चिंत असतो. किलोमीटर विसरून सहा महिन्यांनी बदलावं, एकदा पावसाळा संपल्यावर हमखास. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास सलग चालवली तर बरीच वाफ उडून जाते. अक्षरांचं म्हणाल तर गिअरच्या मोटारसायकलीचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तिला जासो एमए किंवा एमए २ लागतं. गिअरलेस स्कूटरचा क्लच कोरडा, तिला एमबी चालतं. स्कूटरचं एमबी किंवा कारचं ऑइल मोटारसायकलीत घातलं की क्लच घसरतो. आणि स्कूटरच्या मागच्या चाकाजवळ शंभर-सव्वाशे मिलि गिअर ऑइल वेगळं असतं, ज्याची आठवण वर्षानुवर्षं कुणाला होत नाही. २०१८ च्या जुलैत वसईचा मिठागर परिसर आणि नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, तेव्हा कित्येक गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. अशा गाडीला पाणी ओसरल्यावर स्टार्टर मारू नये. आधी इंजिन ऑइल, हे मागचं गिअर ऑइल आणि एअर फिल्टर काढावेत, मगच पुढचं. सीएनजी रिक्षाच्या इंजिनात तर पाण्याची वाफ डिझेलपेक्षाही जास्त बनते. तिला सीएनजीसाठीचं कमी राखेचं ऑइलच घालावं.

ब्रेक ऑइलबद्दल माझा अनुभव सांगतो. घोडबंदर रस्त्याच्या गायमुख घाटात, खच्चून भरलेल्या गाडीत, पुन्हा पुन्हा ब्रेक मारत उतरत असताना पॅडल एकदम पोकळ लागलं. हँडब्रेकने सावरलं. आदल्या महिन्यात एका गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल भरून घेतलं होतं, ते किती दिवस उघड्या असलेल्या डब्यातून आलं होतं कुणास ठाऊक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ३.७ टक्के पाणी शिरल्यावर त्याची हमी १४० वर येते. डॉट ४ ची २३० वरून १५५ वर. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. तेव्हापासून मी लहान डबा घेतो, सील माझ्यासमोर फोडायला लावतो, उरलेलं फेकतो आणि दोन वर्षांनी पूर्ण बदलतो. आपल्या हवेत उघडा डबा पुढच्या पावसाळ्यासाठी जपून ठेवू नये.

अस्सल डबा ओळखायचा तर झाकणाखालचं सील, तळाचा बॅच नंबर आणि पक्कं बिल, एवढं पाहावं. रिकामे डबे भंगारवाल्याला देताना त्यांना भोक पाडावं, नाहीतर तेच परत भरून बाजारात येतात. काढलेलं जुनं ऑइल खाडीत जाऊ नये, हे मला कळवळून सांगावंसं वाटतं. एका सहा सिलिंडरच्या मशीनमधून एका वेळी पंधरा-वीस लिटर निघतं. ते पाण्यावर कागदासारखं पसरतं आणि बोंबलाची पिल्लं जिथे वाढतात त्या उथळ पाण्यातच राहतं. १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवर वापरलेलं ऑइल परत घेऊन शुद्ध करण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. मच्छीमार सोसायटीच्या गोदामात एक बंद पिंप ठेवून सगळ्यांचं जुनं ऑइल त्यात जमा केलं, तर परवानाधारक व्यापारी त्याचे पैसे देऊन घेऊन जातो. ते शुद्ध होऊन पुन्हा ऑइल होतं. होडीच्या लाकडाला फासायला मात्र ते घेऊ नये. त्यातलं आम्ल आणि धातू हाताच्या कातडीला बाधतात. लाकडाला आपलं चंद्रूस आणि तेलच बरं.

दोन दिवसांनी मी पुन्हा पाचूबंदरला गेलो. फोनवर मी त्या तांडेलाशी बराच वेळ बोललो होतो, आणि ऑगस्टपर्यंत थांबायचं नाही हे त्यालाही पटलं होतं. मशीन दोन दिवस हललं नव्हतं. त्याने खाली कापलेला कॅन धरला आणि तळाचा बोल्ट अर्धा सैल केला. ऑइल आलं नाही. आधी पाणी आलं, बारीक धारेने, जवळजवळ पेलाभर. त्याने कॅन उन्हात धरून रंग पाहिला. कूलंटची हिरवी छटा त्याला नव्हती. "समुद्राचं आहे," तो म्हणाला, आणि पोराला हाक मारून ऑइल कूलर उघडायला सतरा-अठराचा पाना मागितला.